नवे फौजदारी कायदे आणि वकिलीतले ताजे बदल: वकिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ जुलै २०२४ पासून फौजदारी न्यायालयात उभं राहणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या हातातलं पुस्तक बदललं. त्याच्या आगेमागे वकिली व्यवसायाचे नियमही बदलले: सनदेची फी, पोलिसांनी वकिलाला समन्स काढण्याचा प्रश्न, दलालांवरची कारवाई, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. बाररूममध्ये आणि ज्युनिअर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना महाराष्ट्र आणि गोव्यातल्या तालुका व जिल्हा न्यायालयांत रोज काम करणारा वकील डोळ्यांसमोर आहे. माझा आग्रह एकच आहे. आकडे बदलले हा या सगळ्यातला किरकोळ भाग. कलमात जे चार शब्द वाढले किंवा गळले, त्यांच्यावर पक्षकाराचा जामीन ठरतो. तक्ता जवळ ठेवा, पण कलम मुळातून वाचा.

नेमकं काय रद्द झालं आणि काय आलं?

भारतीय दंड संहिता १८६० (भादंवि), फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ आणि भारतीय पुरावा अधिनियम १८७२ हे तिन्ही गेले. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. २५ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जुलै २०२४ पासून अंमल सुरू झाला. दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. प्रक्रियेच्या कायद्याची कलमं ४८४ वरून ५३१ झाली, पुराव्याच्या कायद्याची १६७ वरून १७०. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाबद्दलचं न्याय संहितेचं कलम १०६(२) मात्र अंमलबजावणीच्या अधिसूचनेतून वगळलं होतं.

गुन्हा जून २०२४ मधला आणि फिर्याद जुलैमधली. कुठला कायदा लावायचा?

गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे घटनेच्या तारखेवर ठरतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) तिथे आडवा येतो. म्हणजे २० जूनला मारहाण झाली आणि ५ जुलैला गुन्हा दाखल झाला, तर कलमं भादंविचीच लागतील. तपास मात्र नव्या संहितेप्रमाणे चालेल, कारण या प्रकरणात १ जुलैला कोणताही तपास प्रलंबित नव्हता.

जे तपास, चौकशा, खटले, अर्ज आणि अपिलं त्या दिवशी प्रलंबित होती, ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ नुसार जुन्या प्रक्रियेनेच निकाली निघायची आहेत. साक्ष्य अधिनियमाचं कलम १७० हेच पुराव्याबाबत सांगतं. त्यामुळे २०१९ च्या खटल्यात आज साक्षीदाराचा उलटतपास घेताना पुस्तक १८७२ चंच उघडायचं.

खरी अडचण चालू राहणाऱ्या गुन्ह्यांत येते. सासरचा छळ मे महिन्यात सुरू झाला आणि ऑगस्टपर्यंत चालला, तर आधीच्या कालावधीला भादंवि ४९८-अ आणि नंतरच्या कालावधीला न्याय संहितेचं कलम ८५ लागतं. फिर्यादीत तारखा स्पष्ट नसतील तर दोषारोप ठेवताना गोंधळ होतो, आणि त्याचा फायदा किंवा तोटा कोणाला होईल ते सांगता येत नाही. म्हणून फिर्यादी पक्षाचे असाल तर फिर्याद लिहितानाच तारखा लावून घ्या.

खटला जुना, पण निकाल आणि अपील १ जुलैनंतरचं, या प्रश्नावर उच्च न्यायालयांची मतं सारखी नाहीत. तोवर अर्जाच्या मथळ्यात दोन्ही कायद्यांची कलमं लिहिणं सुरक्षित. अधिकार अस्तित्वात असेल, तर केवळ कलमाचा आकडा चुकला म्हणून अर्ज फेटाळला जाऊ नये हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे.

कलमांचे आकडे पाठ करायचे का?

रोजच्या वापरातले आपोआप पाठ होतात. खून ३०२ चा १०३ झाला, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९. फसवणूक ४२० ची ३१८(४), विश्वासघात ४०६ चा ३१६. साधी मारहाण ३२३ ची ११५(२), धमकी ५०६ ची ३५१. समान उद्देशाचं ३४ आता ३(५) मध्ये आहे.

काळजी घ्यायची ती जुना आकडा नव्या कायद्यात वेगळ्याच अर्थाने जिवंत आहे तिथे. सर्वांत ठळक उदाहरण ४८२ चं. प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. गुन्हा रद्द करायचा अर्ज आता ५२८ खाली जातो, आणि जामिनाचं पूर्वीचं ४३९ हे ४८३ झालं आहे. तसंच न्याय संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. जुनं न्यायनिर्णय पत्रक आणि नवा अर्ज एकाच फाइलमध्ये असतात तेव्हा ‘४८२’ एवढंच लिहून चालत नाही. सोबत संहितेचं नाव लिहाच.

काही कलमांना नव्या कायद्यात जोडच नाही. अनैसर्गिक संबंधांबद्दलच्या भादंवि ३७७ चं संमतीविना कृत्याचं अंग न्याय संहितेत घेतलेलं नाही, आणि प्रौढ पुरुष पीडित असेल तर त्याची फिर्याद कुठे बसवायची हा गंभीर प्रश्न उरतो. विधिमंडळाने ही पोकळी भरायलाच हवी असं मला वाटतं. उलट काही कलमं पूर्ण नवी आहेत: ११२ मधला किरकोळ संघटित गुन्हा, ३०४ मधली हिसकावणी, पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने केलेल्या हत्येचं १०३(२), आणि लग्नाच्या खोट्या वचनासंबंधीचं ६९. कलम १११ संघटित गुन्हेगारीबद्दल आहे. मोक्का १९९९ पासून आपल्याकडे असल्यामुळे महाराष्ट्रातल्या वकिलांना त्याची भाषा ओळखीची वाटेल, पण मोक्काची मंजुरीची प्रक्रिया १११ मध्ये आपोआप येत नाही, हे बचावात आणि सरकार पक्षातही लक्षात ठेवावं लागतं.

मुंबईतले मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट कुठे गेले?

नव्या संहितेत महानगर क्षेत्र आणि महानगर दंडाधिकारी हा प्रकारच राहिलेला नाही. मुंबईतही आता न्यायदंडाधिकारी आणि मुख्य न्यायदंडाधिकारी अशीच पदनामं आहेत. सहायक सत्र न्यायाधीश हे पदही गेलं. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची दंडाची मर्यादा दहा हजारांवरून पन्नास हजार झाली.

पोलीस फिर्याद घेत नाहीत. नव्या कायद्यात पक्षकाराच्या हातात काय आहे?

कलम १७३ मध्ये दोन सोयी थेट लिहिल्या आहेत. घटना कुठल्याही हद्दीतली असो, माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. एफआयआरची मोफत प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मिळायची आहे.

याच कलमातलं पोटकलम (३) नीट वाचा. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. दखलपात्र गुन्ह्यात फिर्याद नोंदवणं बंधनकारक ठरवणारा ‘ललिता कुमारी’ (२०१३) निकाल वाचून मोठ्या झालेल्या वकिलाला ही मोठी सूट वाटते, आणि ती आहेच. पण ठाण्यात तोंडी ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर मिळालं तर परवानगीची तारीख लेखी मागा. परवानगी नसेल, तर ती चौकशी या पोटकलमाखालची नव्हेच.

पुढची पायरी अधीक्षकांकडे अर्ज आणि मग न्यायदंडाधिकारी. दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना तपासाचा आदेश देण्याचं जुनं १५६(३) आता १७५(३) आहे आणि ते बदललं आहे. अधीक्षकांकडे केलेला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांचं म्हणणं, या तीन गोष्टी आता कलमातच आल्या. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या फरकांचा ऊहापोह केला आणि दंडाधिकाऱ्यांनी यांत्रिकपणे आदेश देऊ नयेत असं सांगितलं. अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोचपावती जोडली नाही तर अर्ज पहिल्याच तारखेला अडकतो.

रिमांडच्या वेळी सर्वांत आधी काय पाहायचं?

अटकेची कारणं लेखी दिली का, ते. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या वरळीच्या अपघात प्रकरणातून आलेल्या अपिलात हा मुद्दा निकाली काढला. अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात, मग तो कोणत्याही कायद्याखालचा असो, लेखी द्यायची. ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं आणि रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत हातात द्यायची. हे पाळलं नाही तर अटक आणि त्यावरचा रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

हे कागदावर कसं तपासायचं ते सांगतो. अटक पंचनामा, अटकेची कारणं दिल्याची पोच आणि नातेवाइकाला कळवल्याची नोंद असे तीन कागद मागा. पोचेवर सहीसोबत वेळ आहे का? हजर केल्याच्या वेळेशी ती जुळते का? आरोपी बिहारमधून आलेला मजूर आणि कागद निव्वळ मराठीत, असं आहे का? कारणांच्या रकान्यात ‘गुन्ह्याच्या तपासकामी आवश्यक’, ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’ अशी छापील वाक्यंच असतील, तर ती अटक करण्याची सर्वसाधारण निमित्तं झाली. या माणसाने नेमकं काय केलं असा आरोप आहे, ते त्यातून कळत नाही. ही हरकत तोंडी घेऊन थांबू नका. लेखी अर्ज द्या, निशाणी पडू द्या, रोजनाम्यात नोंद होऊ द्या. पुढे उच्च न्यायालयात तुमच्या हातात तेवढाच कागद असतो.

नोटिशीबद्दलही तितकंच स्पष्ट आहे. पोलिसांपुढे हजर राहण्याच्या नोटिशीच्या जुन्या ४१-अ ची जागा ३५(३) ने घेतली आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दोनदा सांगितलं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, हे ३५(७) मध्ये आहे. रिमांडच्या गडबडीत हे पोटकलम मांडलंच जात नाही, आणि म्हातारी माणसं विनाकारण कोठडीत जातात.

पीसीआर (पोलीस कोठडी) आता पंधरा दिवसांच्या पुढेही मागतात. हे बरोबर आहे का?

एकूण पोलीस कोठडी पंधरा दिवसांचीच आहे. बदल असा की ती सलग आणि सुरुवातीलाच घ्यावी लागत नाही. कलम १८७(२) प्रमाणे दोषारोपपत्राची मुदत साठ दिवसांची असलेल्या प्रकरणात पहिल्या चाळीस दिवसांत, आणि नव्वद दिवसांच्या प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत, ती तुकड्यांनी मागता येते. ‘अनुपम कुलकर्णी’ (१९९२) निकालाने पहिल्या पंधरा दिवसांनंतर पीसीआर नाही असं ठरवलं होतं. नव्या शब्दरचनेने ते संरक्षण गेलं, आणि माझ्या मते हा तिन्ही कायद्यांमधला आरोपीला सर्वांत जड जाणारा बदल आहे.

त्याचा रोजचा परिणाम असा. चार दिवसांनी एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, तुम्ही जामिनाचा अर्ज दिला, आणि सरकार पक्षाचं म्हणणं येतं की अजून अकरा दिवसांची पोलीस कोठडी शिल्लक आहे, म्हणून जामीन नको. याचं उत्तर जामिनाच्या कलम ४८० मध्येच दिलेलं आहे. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते, एवढ्याच कारणाने जामीन नाकारता येणार नाही, असं त्याच्या परंतुकात लिहिलं आहे. आरोपीने मात्र न्यायालयाचे आदेश पाळण्याची हमी द्यायची. ते परंतुक जामीन अर्जात शब्दशः उतरवा आणि हमीपत्र अर्जासोबतच लावा.

दोषारोपपत्र वेळेत न आल्यास मिळणारा जामीन कायम आहे. तो १८७(३) मध्ये आहे. मुदत साठ की नव्वद, हे कलमातल्या शिक्षेच्या शब्दांवरून ठरवा. ‘दहा वर्षांपर्यंत’ आणि ‘दहा वर्षांपेक्षा कमी नाही’ यांत फरक आहे, तो ‘राकेश कुमार पॉल’ (२०१७) मध्ये नीट समजावला आहे. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट उघडताच अर्ज दाखल करा. दुपारी दोषारोपपत्र आलं आणि तुमचा अर्ज नंतर गेला, तर हक्क गेला.

कच्च्या कैद्यांसाठी काही दिलासा आहे का?

आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही. कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडायचं आहे, आणि पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा लाभ १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही मिळेल. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे.

अडथळा पोटकलम (२) चा आहे. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर लाभ नाही. चोरीच्या तीन किरकोळ केसेस अंगावर असलेला गरीब पोरगा यात अडकून पडतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असाल, तर तुरुंगभेटीत यादी मागून प्रत्येकाचे दिवस स्वतः मोजा. या कामाची फी फारशी मिळत नाही. पण एखादा माणूस तुमच्या मोजणीमुळे घरी जातो.

खासगी फिर्यादीत आरोपीला आधीच बोलवायचं? मग १३८ च्या, म्हणजे धनादेश न वटल्याच्या, केसेसचं काय?

कलम २२३ च्या परंतुकाप्रमाणे न्यायालयाने फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. जुन्या कलम २०० मध्ये हे नव्हतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनी लाँडरिंगच्या तक्रारीलाही हे परंतुक लावलं.

धनादेश न वटल्याच्या फिर्यादींत यामुळे सुरुवातीला सगळीकडे खोळंबा झाला. नोटिसा, बजावणी, तारखा, आणि केस दखलीपर्यंतही पोचेना. २५ सप्टेंबर २०२५ रोजी गोव्यातून गेलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १३८ च्या फिर्यादीत दखलीपूर्वी आरोपीला समन्स काढायची गरज नाही. त्याच निकालात फिर्यादीला हातोहात समन्स बजावू देणं, ईमेल आणि मेसेजिंग ॲपवर बजावणी, फिर्यादीच्या सुरुवातीला ठरावीक नमुन्यात गोषवारा अशा सूचना आहेत. तुमच्याकडे १३८ चं काम जास्त असेल तर तो गोषवाऱ्याचा नमुना टाइप करून ठेवा.

मोबाइलमधला पुरावा दाखल करताना कलम ६३ चं प्रमाणपत्र कसं द्यायचं?

सध्या सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

महाराष्ट्राला या विषयाचा इतिहास जवळचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, यावर वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातलं चित्रीकरण. चित्रीकरणाचं प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळालं नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या २०२० च्या निकालाने ठरलं की दुय्यम इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पक्षाने सर्व प्रयत्न करूनही संबंधित माणूस ते देत नसेल, तर न्यायालयामार्फत मागवता येतं.

आता ६५-ब ची जागा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पक्षाने, म्हणजे ते उपकरण ज्याच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनात आहे त्याने भरायचा. भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. पूर्वी एका सहीवर भागायचं, आता दोन सह्या लागतात.

भाग ‘अ’ मध्ये उपकरणाचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक असे रकाने आहेत. त्याखाली फाइलचं हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं, एसएचए-२५६ की आणखी काही, ते लिहायचं. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची लांबलचक ओळ. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची, मग त्या प्रतीचा हॅश काढायचा, मग प्रमाणपत्र भरायचं, आणि त्यानंतर त्या पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, त्याचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. पक्षकाराने तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाखल करू नका. त्याचा फोनच मागवा.

तज्ज्ञ कोण? कलम ६३(४) मध्ये शब्द फक्त ‘तज्ज्ञ’ एवढाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली अधिसूचित परीक्षकाचा उल्लेख कलम ३९(२) मध्ये वेगळा येतो. त्यामुळे खासगी संगणक तज्ज्ञाची सही घेतली, तर त्याची पात्रता दाखवणारे कागद जोडा आणि तो साक्षीला यायला तयार आहे ना, हे आधी विचारा. समोरच्या बाजूने असं प्रमाणपत्र आलं तर त्याच्या उलटतपासात हॅश कधी, कुठे, कोणत्या साधनाने काढला हे विचारायला विसरू नका.

तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ मिळणं कठीण आहे आणि गरीब पक्षकाराला त्याची फी झेपत नाही. पोटगीच्या किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात एखादी बाई फोनमधले धमकीचे मेसेज दाखवते, तेव्हा तिला हाच रस्ता दाखवावा लागतो, याचं मला वाईट वाटतं. शक्य असेल तिथे मूळ फोनच न्यायालयात हजर करा. मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीत आणून सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, हे ‘खोतकर’ निकालातच म्हटलं आहे.

नव्या मुदती वकिलांना बांधतात का?

बांधतात. वॉरंट खटल्यात कागदपत्रं मिळाल्यापासून आणि सत्र खटल्यात प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग (कमिट) झाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज द्यायचा आहे. आरोपीला प्रती चौदा दिवसांत मिळायच्या आहेत. युक्तिवाद संपल्यावर सत्र न्यायालयाचा निकाल तीस दिवसांत, कारण नोंदवून पंचेचाळीस दिवसांत. कलम ३४६ प्रमाणे परिस्थिती पक्षाच्या हाताबाहेर असेल तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, त्याही समोरच्याचं ऐकून. साठ दिवसांचा हिशेब डायरीत पहिल्याच दिवशी लिहा.

पोलिसांनी किंवा ईडीने वकिलालाच समन्स काढलं तर?

जून २०२५ मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना त्यांनी दिलेल्या कायदेशीर सल्ल्याबद्दल समन्स काढलं आणि देशभरातल्या वकील संघटना उठल्या. ईडीने ती मागे घेतली. सर्वोच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून हाती घेतला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे.

निकालाचं सार असं. आरोपीचं वकीलपत्र असलेल्या वकिलाला प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपासी अंमलदार समन्स काढू शकत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधले अपवाद तेवढे खुले आहेत: पक्षकाराची संमती, बेकायदा हेतूसाठी झालेला संवाद, किंवा काम स्वीकारल्यानंतर वकिलाच्या नजरेस आलेला गुन्हा वा फसवणूक. अपवाद लावायचा तर समन्समध्येच तो कोणत्या तथ्यांवर लावला हे लिहायचं, आणि अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी हवी. अशा समन्सला ५२८ खाली आव्हान देता येतं. वकिलाचा संगणक किंवा फोन मागवायचा झाला तर तो तपास अधिकाऱ्यापुढे द्यायचा नाही, न्यायालयापुढेच हजर करायचा, आणि तो उघडताना पक्षकार, वकील व त्यांनी निवडलेला तांत्रिक जाणकार हजर राहू शकतो. इतर पक्षकारांच्या गुपितांना धक्का लागता कामा नये. कंपनीत पगारावर असलेल्या विधी अधिकाऱ्यांना १३२ चं संरक्षण नाही.

ठाण्यातून ‘जरा येऊन जा साहेब’ असा तोंडी निरोप आला तर लेखी मागा. हा विशेषाधिकार पक्षकाराचा आहे. तुमच्या भिडस्तपणापायी तो सोडून देता येत नाही.

वकिलाविरुद्ध पक्षकार ग्राहक मंचात जाऊ शकतो का?

नाही. १४ मे २०२४ च्या निकालाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार हे मार्ग मात्र खुले आहेत.

सनदेची फी किती?

अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ मध्ये लिहिली आहे तेवढीच: राज्य बार कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १०० आणि २५. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नावं बदलून जादा शुल्क घेता येणार नाही. निकाल पुढच्या काळासाठी आहे, आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातून पहिल्यांदा वकील होणाऱ्या मुलीला हा निकाल काय देतो, ते तिच्या घरच्यांना विचारा.

कोर्टाच्या आवारातल्या दलालांवर कारवाई होते का?

१८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स कायदा गेला आणि २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ आलं. उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हाधिकारी दलालांची यादी करू शकतात. यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यादीत घालण्याआधी त्या माणसाचं ऐकावं लागतं. वकील संघाने पुढाकार घेतल्याशिवाय यादी तयार होत नाही.

अधिवक्ता दुरुस्ती विधेयक २०२५ चं काय झालं?

१३ फेब्रुवारी २०२५ ला मसुदा आला. त्यात कामकाजावरच्या बहिष्काराला मनाई, बार कौन्सिल ऑफ इंडियावर केंद्राचे तीन नामनियुक्त सदस्य, कौन्सिलला निर्देश देण्याचा केंद्राचा अधिकार असे मुद्दे होते. वकील रस्त्यावर उतरले आणि २२ फेब्रुवारीला केंद्राने चर्चा थांबवून मसुदा सुधारून आणू असं जाहीर केलं.

माझं मत स्पष्ट आहे. संपामुळे पक्षकाराची तारीख वाया जाते, आणि ‘हरीश उप्पल’ (२००२) पासून वकिलांना संपाचा हक्क नाही हे ठरलेलं आहे. तिथे आपण वकिलांनी ऐकायला हवं. पण सरकारविरुद्ध उभं राहणाऱ्या व्यवसायाच्या नियामक संस्थेत सरकारचीच माणसं बसवणं आणि तिला आदेश देणं हे मान्य होण्यासारखं नाही. सुधारित मसुदा आला की या दोन गोष्टी वेगळ्या करून वाचा आणि लेखी हरकती पाठवा.

महाराष्ट्रात वकील संरक्षण कायदा आहे का?

राजस्थान आणि कर्नाटकने २०२३ मध्ये असे कायदे केले. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीत वकील दांपत्याची हत्या झाली आणि आपल्याकडची मागणी तीव्र झाली. हल्ला झाला तर सध्या न्याय संहितेच्या सर्वसाधारण कलमांवरच विसंबावं लागतं. धमकी आली तर ती लगेच लेखी नोंदवा, वकील संघालाही प्रत द्या.

कोल्हापूर सर्किट बेंचकडे कोणते जिल्हे?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. चार दशकांहून जास्त काळ चाललेल्या लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून काम सुरू झालं. या सहा जिल्ह्यांतल्या गुन्ह्यांचे जामीन अर्ज, ५२८ चे अर्ज आणि अपिलं आता तिथे. सावंतवाडीच्या किंवा जतच्या पक्षकाराचा मुंबईचा मुक्काम वाचला, आणि तालुक्याच्या वकिलाला स्वतः उच्च न्यायालयात उभं राहणं परवडू लागलं. जिल्ह्यातल्या ज्युनिअर्सनी ही संधी घ्यावी. अपिलाचं पेपरबुक स्वतः तयार करायला शिका.

जुने न्यायनिर्णय आता चालतात का?

कलमाचा मजकूर तोच असेल तर चालतात, आणि बहुतेक ठिकाणी तो तोच आहे. दोन्ही कलमं शेजारी ठेवून शब्द जुळवा आणि युक्तिवादाच्या टिपणात दोन्ही आकडे लिहा. जपून वापरायचे ते चार विषयांवरचे: पोलीस कोठडीचे पंधरा दिवस, १५६(३) चे आदेश, खासगी फिर्यादीतली दखल आणि ६५-ब. तिथे न्यायाधीश पहिला प्रश्न नव्या मजकुराचाच विचारतात.